को आ-शुईचा डावा कान

मित्रांनो, माझ्याशी बोलताना ओरडायची गरज नाही. मी एक जुने श्रवणयंत्र आहे. भुईमुगाच्या शेंगेएवढे माझे अंग, त्यातून निघणारी एक पारदर्शक नळी आणि नळीच्या टोकाला कानात बसणारा मऊ साचा. रंग एके काळी माणसाच्या कातडीसारखा होता, आता पिवळट पडला आहे. तैवानच्या दक्षिण किनाऱ्यावर मच्छीमारांचे एक बंदर आहे. तिथल्या को आ-शुई नावाच्या माणसाच्या डाव्या कानामागे माझे आयुष्य गेले. कानामागे बसून एका माणसाचे ऐकणे एवढेच माझे काम. तरीही मी दोन न्यायालये पाहिली आहेत, आणि दुसऱ्या न्यायालयात जे घडले त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी भिंगाखाली धरून मला जोडले. एका टोकाला आवाज पकडणारा इवलासा माईक, दुसऱ्या टोकाला तो मोठा करून सोडणारा त्याहून इवलासा स्पीकर, आणि मधे बटणाएवढा सेल. तिथून मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात आलो. कपाटात बरेच दिवस गेले. मग एका दुपारी एक बाई एका उंच, हाडापेराने मजबूत माणसाला बाहीला धरून आत घेऊन आली.

तो को आ-शुई. तीस वर्षे बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम केलेला. बर्फाच्या लाद्या भरडणाऱ्या यंत्राशेजारी उभे राहून त्याचा उजवा कान पार गेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. ती बाई थोआ. ती व्हिएतनामची, मेकाँग नदीच्या खोऱ्यातली. नवरा वारल्यावर ती कामासाठी तैवानला आली होती आणि आ-शुईच्या अंथरुणाला खिळलेल्या आईची देखभाल करण्यासाठी त्याच्या घरी राहत होती.

ऐकू कधीपासून कमी येते, असे दुकानदाराने विचारले. तो प्रश्न आ-शुईला तिसऱ्या खेपेला कळला.

"मला ऐकू येतं," तो म्हणाला. "लोकच हल्ली पुटपुटतात."

थोआ शांतपणे दुकानदाराला म्हणाली, "सकाळी आईंनी पाणी मागितलं. यांनी फणी नेऊन दिली."

आ-शुईच्या कानात पिठाच्या गोळ्यासारखे काहीतरी भरून साचा घेतला गेला. त्यामुळे माझा अर्धा देह जगात दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचा नाही. घरी आल्यावर मला पहिल्यांदा कानात बसवले तेव्हा भिंतीवरची पाल बोलली. आ-शुई दचकला. ही पाल रोज अशी बोलते का, असे त्याने आईला विचारले. म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली, "तू जन्मायच्या आधीपासून."

ते माझे सुखाचे दिवस होते. संध्याकाळी थोआ म्हातारीचे पाय चेपत बसे आणि म्हातारी तिला आपल्या संसाराच्या गोष्टी सांगे. थोआला तिथली बोली शिकवली ती म्हातारीनेच. शब्द चुकला की म्हातारी तिच्या हातावर चापट मारी. आमचे मालक असे होते, आमचे मालक तसे होते, म्हणत ती वारलेल्या नवऱ्याबद्दल तासन्‌तास बोले. आ-शुई खुर्चीत बसून ते सगळे ऐके. आपले आईवडील एकमेकांशी कसे वागत, हे त्याला साठीच्या उंबरठ्यावर माझ्यामुळे कळले. तो रोज मला मऊ फडक्याने पुसून डबीत ठेवी. एवढी बडदास्त कोणत्या यंत्राची होत असेल?

पण एक गोष्ट मला टोचायची. घराचा उंबरा ओलांडताना आ-शुई मला कानातून काढी. बंदरावर एका म्हाताऱ्या नावाड्याला सगळे बहिरा बगळा म्हणून चिडवत. आपलेही तसेच नाव पडेल याची त्याला भीती होती. बाहेर तो लोकांच्या ओठांकडे बघून अंदाज बांधी. चारचौघे हसले की तोही हसे. अंदाज बसला नाही की "हं, हं" म्हणून मान डोलावी. त्याला ऐकू येत नाही हे कोणालाच माहीत नव्हते. तो तुसडा आहे, असे मात्र पुष्कळांना वाटे.

मग म्हातारी गेली. थोआचा परवाना म्हातारीच्या देखभालीपुरता होता, त्यामुळे तिला परत जावे लागणार होते. तिने पिशवी भरली. जायच्या आदल्या दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. आ-शुई दारात येऊन उभा राहिला. मी कानात होतो.

"तू गेलीस तर हे यंत्र घालून मी कोणाचं ऐकू?" तो म्हणाला.

थोआने वर पाहिले नाही. "को साहेब, हे विचारणं आहे की तक्रार?"

"दोन्ही."

ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. निवडलेली पाने कचऱ्यात आणि देठ टोपलीत जात होते. शेवटी ती म्हणाली, "मी घोरते. आधीच सांगून ठेवते."

त्यांनी लग्न केले. आधी तिच्या गावी, मग इथल्या कचेरीत नोंदणी. त्या दिवसापासून तिने त्याला को साहेब म्हणणे सोडले. म्हातारी आपल्या नवऱ्याबद्दल बोलताना जो शब्द वापरी, तोच थोआने उचलला. ती आ-शुईला मालक म्हणू लागली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आ-शुईच्या कानशिलातले रक्त इतक्या जोरात उसळले की मला बाहेरचे काही ऐकू येईना.

आ-शुईला एक थोरली बहीण होती. तिचे नाव लुआन. बंदराच्या तोंडाशी तिची माशाच्या गोळ्यांच्या सुपाची गाडी होती. तिला हे लग्न अजिबात पटले नाही. आईची सेवा करायला आली आणि घरच घशात घातले, असे ती गिऱ्हाइकांना ऐकवी. आईच्या दिवसांनंतर तिने भावाच्या घरी पाऊल टाकले नव्हते.

परदेशी बायकोला देशात राहू द्यायचे तर लग्न खरे आहे ना, हे सरकार तपासते. तपासावे लागते, कारण राहण्याचा परवाना मिळावा म्हणून कागदावर लग्न करणारेही पुष्कळ असतात. आणि आमच्या घराबाबत शंकेला जागा होतीच. वयात सतरा वर्षांचे अंतर, बायको आधी त्याच घरात कामाला, आणि लग्न परवाना संपायच्या तोंडावर. अधिकारी घरी येऊन गेले. दोघांची अंथरुणे दोन खोल्यांत दिसली. ते लुआनकडेही गेले. लुआनने सांगितले की कसले नवरा-बायको, ती त्याला अजून मालकच म्हणते.

नंतर दोघांना मुलाखतीला बोलावले आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारले. त्या दिवशी मी घरी, कपाटाच्या खणात होतो. सरकारी माणसांसमोर बहिरा दिसलो तर ते मला माणसात धरणार नाहीत, असे आ-शुईला वाटले होते. थोआने दारापर्यंत येऊन मला घालायची विनवणी केली. त्याने ऐकले नाही. तिथे काय झाले ते मला पुढे कळले. तूर्त एवढेच सांगतो की दोघांची उत्तरे जुळली नाहीत.

काही आठवड्यांनी सरकारी वकिलाकडून बोलावणे आले. खोटे लग्न सरकारी दप्तरात खरे म्हणून नोंदवायला लावले, हा गुन्हा. दोघेही आरोपी. गुन्हा कबूल केला तर प्रकरण सौम्यपणे मिटेल, आ-शुईला तुरुंगात जावे लागणार नाही, असे त्याला समजावण्यात आले. थोआला मात्र देश सोडावा लागला असता. घरी आल्यावर शेजारच्यांनीही तोच सल्ला दिला. तुझे वय झाले, कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढतोस, कबूल कर आणि मोकळा हो. आ-शुईने सगळ्यांचे माझ्यामार्फत नीट ऐकून घेतले.

"मी हो म्हटलं, तर ती माझी बायको नव्हती असं होईल," तो म्हणाला. "आणि ती तर आत भात लावते आहे."

दोघांनी वकीलही दिला नाही. आपण खरेच नवरा-बायको आहोत, त्याला वकील कशाला, असा त्याचा हिशोब होता.

पहिल्या कोर्टात मी गेलो, पण शर्टाच्या खिशात. कोर्टाच्या दारात थोआने त्याच्या कानाकडे बोट दाखवले. त्याने मान हलवली. मित्रांनो, चालू असताना आम्हाला कुठे कोंबले की आम्ही शीळ घालतो. मीही घातली. शिपायाने वळून पाहिले. आ-शुईने खिशात बोटे घालून मला सरळ केले आणि मी गप्प झालो. कापडातून जेवढे ऐकू येईल तेवढे मी ऐकत होतो. सरकारी वकिलाने मुलाखतीची लेखी नोंद वाचून दाखवली. बायकोला बहिणी किती, तर नवरा म्हणतो सहा, बायको म्हणते दोन. बायको कोणत्या बाजूला झोपते, तर नवरा म्हणतो मंदिराच्या पलीकडे. आणि बायकोच्या तोंडी नवऱ्यासाठी शब्द होता, नोकरीवर ठेवणारा. न्यायाधीशांनी आ-शुईला खुलासा विचारला. "हं, हं," म्हणत त्याने मान डोलावली.

निकालाच्या दिवशीही मी खिशातच होतो. न्यायाधीश तरुण होते आणि त्यांचा आवाज मृदू होता. दोघेही दोषी, दोघांना काही महिन्यांची कैद, असे ते म्हणाले. त्यांचा तो सूर आणि शांत चेहरा पाहून आ-शुईला वाटले की सगळे मनासारखे झाले. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि मोठ्याने म्हणाला, "फार उपकार झाले, साहेब."

कोर्टात कोणी हसले नाही. त्याने वळून पाहिले तेव्हा थोआ दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. तेव्हा त्याला कळले.

अपिलाला मुदत होती, म्हणून लगेच कैद नव्हती. घरी आल्यावर त्याने मला खिशातून काढले, पुसले, कानात बसवले आणि थोआसमोर बसला. न्यायाधीश काय म्हणाले ते पहिल्यापासून सांग, असे तो म्हणाला. थोआने सांगितले. तिने एक शब्दही गाळला नाही आणि त्यानेही एकदाही हं म्हटले नाही. सगळे ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "हे आता कानातच राहील. बंदरावरसुद्धा."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा उजळ माथ्याने बंदर पाहिले. काय तो गलका! लिलाव पुकारणाऱ्यांचे आवाज, होड्यांच्या मोटारी, बगळ्यांची भांडणे. बर्फ भरायला आलेल्या एका नावाड्याने आ-शुईच्या कानाकडे पाहून विचारले, "काय रे, कानात झिंगा अडकला का?"

"अडकलाय," आ-शुई म्हणाला. "आज पहिल्यांदा तुझं बोलणं नीट ऐकलं. इतकी वर्षं काही हुकलं नव्हतं बघ."

आजूबाजूचे लोक पोट धरून हसले आणि विषय तिथेच संपला. इतकी वर्षे ज्याची धास्ती घेतली होती, ते एवढ्यावर भागले.

मग आ-शुई बहिणीच्या गाडीकडे निघाला. लुआनने त्याला लांबून पाहिले आणि पातेल्यात डोके घातले. ती स्वतःशीच पुटपुटली, "आला. आता परत न बघता जाईल."

"नाही जाणार," आ-शुई म्हणाला.

लुआनच्या हातातला डाव तसाच राहिला. आ-शुई बाकावर बसला, डोके तिच्याकडे कलते केले आणि मला दाखवले. उजवा कान दहा वर्षांपूर्वीच गेला ताई, डावाही याच्याशिवाय चालत नाही, असे त्याने सांगितले. कोणाला सांगायची लाज वाटत होती.

लुआन गाडीमागून बाहेर आली. तिने आधी मला पाहिले आणि मग भावाला.

"लग्नानंतर मी तुला इथून रोज हाक मारायची," ती म्हणाली. "रोज. तू मान वर न करता निघून जायचास. मला वाटलं, तिने तुला शिकवलं."

"मला हाक ऐकूच आली नाही, ताई."

"मग मी दोन वर्षं कोणावर रागावले होते?"

ती त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि तिने ॲप्रनला डोळे पुसले. उकळते सूप उतू जात होते, गिऱ्हाईक खोळंबले होते, पण दोघांचे तिकडे लक्ष नव्हते. इतक्या वर्षांत मी अनेक आवाज ऐकले. पण त्या दोघांचे तेव्हाचे न बोलणे मला जास्त आठवते.

अपिलाची मुदत संपायच्या आत लुआननेच धावपळ केली. गरिबांना वकील मिळवून देणाऱ्या संस्थेत ती भावाला आणि थोआला घेऊन गेली. तिथे वेई वकीलबाई भेटल्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या आणि सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आ-शुईला पहिलाच प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल. मुलाखतीच्या दिवशी हे कानात होते का? नव्हते, हे ऐकल्यावर त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. कोर्टात लेखी नोंद वाचली की मुलाखतीचा आवाज ऐकवला, हा त्यांचा दुसरा प्रश्न. वाचली, असे थोआने सांगितले.

"आवाजाची टेप असते," वकीलबाई म्हणाल्या. "वरच्या कोर्टात खटला पुन्हा मुळापासून ऐकता येतो. आपण ती टेपच ऐकवायला लावू."

वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश होते. मधल्या खुर्चीत एक वयस्क बाई होत्या, जाड काचांच्या चष्म्याच्या. मी या वेळी कानात होतो, नवा सेल घालून, केस मागे सारून सगळ्यांना दिसेल असा. वकीलबाईंनी टेप लावण्याची विनंती केली. सरकारी वकिलाने हरकत घेतली की नोंद आहेच, वेळ कशाला घालवायचा. मधल्या बाईसाहेबांनी हरकत ऐकून घेतली आणि टेप लावायला सांगितले.

अशा रीतीने ती मुलाखत अखेर माझ्यापर्यंत पोहोचली. खोलीत कसलेसे यंत्र घरघरत होते. मुलाखत घेणाऱ्याच्या तोंडावर मास्क असावा, कारण शब्द कापसातून यावेत तसे येत होते. ओठ दिसत नव्हते म्हणजे आ-शुईचा शेवटचा आधारही गेला होता. तिला बहिणी किती, असा प्रश्न आला. मग आ-शुईचा आवाज: "सहा महिने झाले." नोंदीत फक्त सहा लिहिले होते. पुढचा प्रश्न, ती कोणत्या बाजूला झोपते. आ-शुई म्हणाला, "बाजार होय? मंदिराच्या पलीकडे." नोंदीत बाजाराचा पत्ता नव्हता. त्यानंतर सगळे हं, हं.

आपला तो आवाज ऐकताना आ-शुईचे कान तापले होते. पण त्याने मान खाली घातली नाही.

मग थोआची टेप लागली. नवऱ्याला घरात काय म्हणून हाक मारता, असे विचारल्यावर ती स्पष्ट म्हणाली, "मालक." लिहिणाऱ्याने त्याचे नोकरीवर ठेवणारा केले होते. बाईसाहेबांनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच: "मालक."

लुआनला साक्षीला बोलावले. तपासाला आलेल्या अधिकाऱ्यांना जे सांगितले त्याबद्दल विचारताच ती म्हणाली की लग्नानंतर मी त्या घरात गेलेच नव्हते, बाहेरून जे वाटले ते बोलले. मग बाईसाहेबांनी विचारले, "तुमची आई तुमच्या वडिलांना काय म्हणायची?"

लुआनने उत्तर देण्याआधी थोआकडे पाहिले. "मालक," ती म्हणाली. "मरेपर्यंत तेच. कामाला होती तेव्हा ही माझ्या भावाला को साहेब म्हणायची. मालक म्हणायला लागली ती लग्नानंतर. हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. बाईसाहेब, आमच्याकडे नोकर मालकाला साहेब म्हणतो. मालक फक्त बायको म्हणते."

डावीकडच्या न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतले. सरकारी वकील उठले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, आपले काम चोख करत होते. त्यांनी विचारले की आरोपी खरोखर ऐकू शकत नाही याला पुरावा काय. डॉक्टरांचा दाखला वकीलबाईंनी दिला होताच. पण बाईसाहेब म्हणाल्या की आपण इथेच पाहू. त्यांनी आ-शुईला यंत्र काढायला सांगितले. त्याने मला काढून समोरच्या टेबलावर ठेवले. बाईसाहेबांनी फाईल तोंडासमोर धरली आणि विचारले, "आज सकाळी काय खाल्लंत?"

वय विचारले असावे, असा आ-शुईने अंदाज बांधला. "एकोणसाठ," तो म्हणाला.

मागच्या बाकांवर खसखस पिकली आणि लगेच विरली. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी मला परत कानात घालायची खूण केली आणि तोच प्रश्न तशीच फाईल धरून पुन्हा विचारला.

"रताळी घातलेली पेज आणि खारवलेलं अंडं," आ-शुई म्हणाला. "अंडं तिने मला दिलं. एकच होतं."

मग थोआला बाहेर पाठवून आधी आ-शुईला आणि नंतर तिला आत बोलावून मुलाखतीचे सगळे प्रश्न पुन्हा विचारले. बहिणी किती? दोन. त्यांची नावे काय? मोठीचे नाव माय, धाकटीचे न्हुंग. एकामागून एक उत्तरे जुळत गेली. फक्त एक जुळले नाही. दोन खोल्यांत का झोपता, याला दोघांनी घोरणे हे कारण सांगितले. घोरते कोण? आ-शुई म्हणाला, ती. थोआ म्हणाली, मालक. लग्नाआधी तिने स्वतःच दिलेली कबुली ती साफ विसरली होती.

बाईसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "या उत्तरावर मात्र शंका घ्यायला जागा नाही," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा सरकारी वकीलही हसले.

निकालाच्या दिवशी आम्ही चौघे गेलो: आ-शुई, थोआ, लुआन आणि मी. वाटेत लुआनने सेल नवा आहे ना, हे दोनदा विचारले. बाईसाहेबांनी निकाल वाचायला घेतला. खालच्या कोर्टाचा निकाल रद्द. दोन्ही आरोपी निर्दोष. ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही, त्याची उत्तरे पुरावा म्हणून धरता येत नाहीत. या दोघांचे लग्न खरे नाही असे मानायला कोणतेही कारण न्यायालयाला दिसत नाही.

प्रत्येक शब्द मी त्याच्या कानात स्वच्छ पोहोचवला. इतक्या वर्षांत त्याहून चांगले काम माझ्या हातून झाले नाही. आ-शुईने या वेळी घाईने नमस्कार केला नाही. त्याने थोआचा हात धरला आणि बाईसाहेबांना म्हणाला, "मला सगळं ऐकू आलं. तरी शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचाल का?"

त्यांनी वाचले.

सरकारी वकिलांनी पुढे अपील केले नाही. थोआला राहण्याचा परवाना मिळाला. लग्नात मेजवानी झाली नव्हती, म्हणून लुआनने ती आता द्यायचीच असे ठरवले. घरासमोरचा रस्ता अडवून लाल मांडव घातला, गोल टेबले लावली. सारे बंदर जेवायला आले. वेई वकीलबाईंना लुआनने आग्रह करून करून खायला घातले. तो बहिरा बगळा म्हणवला जाणारा म्हातारा नावाडीही आला होता. आ-शुईने त्याला आपल्या शेजारी बसवले आणि पुढच्याच आठवड्यात त्याला घेऊन त्या श्रवणयंत्रांच्या दुकानात गेला. त्या म्हाताऱ्याच्या कानामागे आता माझा एक धाकटा भाऊ बसतो. बगळा हे नाव तेवढे राहिले, बहिरा गळून पडले.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. आ-शुईच्या कानात नवे यंत्र आले, ते माझ्यापेक्षा छोटे आणि हुशार आहे. पण थोआ अजून दर रविवारी मला पुसते, ओल लागू नये म्हणून डबीत तांदळाची पुरचुंडी ठेवते. तुमच्या घरात कोणी असे यंत्र वापरत असेल तर ते यंत्र पाण्यापासून, घामापासून जपा. आणि ते लावणाऱ्या माणसाला हसू नका. तुमचे बोलणे कोणाला कळले नसेल तर चिडून "जाऊ दे" म्हणू नका. पुन्हा सांगा. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश सांगा. आणि तुम्हाला स्वतःला कधी ऐकू आले नाही, तर हं म्हणून मान डोलावू नका. पुन्हा विचारा. त्यात काही कमीपणा नाही.

गेल्या आठवड्यात नवे यंत्र दुरुस्तीला गेले, म्हणून मला बोलावणे आले. सेल घातला, मी आपल्या जुन्या जागी बसलो. आ-शुई टीव्हीवर कुस्ती बघत होता. आतून थोआ म्हणाली, "मालक, कचऱ्याची गाडी आली, पिशवी घेऊन जाता का?" आ-शुई हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने. त्याने पडद्यावरची नजर न काढता म्हटले, "हं, हं."

मित्रांनो, माझ्यात काही बिघाड नव्हता.